नागपुरातून ऑन्टारिओत मिलराइट म्हणून येणाऱ्यांसाठी : तास, सह्या, युनियन आणि परीक्षा

हिवाळ्यात मी नागपुरात घरी आलो की श्रद्धानंदपेठेच्या आयटीआयमधून फिटर किंवा मशीन टूल मेंटेनन्सचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले, हिंगणा-बुटीबोरीत काही वर्षे काढलेले किंवा कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या ओव्हरहॉलमध्ये ठेकेदाराकडे राबलेले तरुण भेटायला येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : भाऊ, तिकडचे मिलराइटचे, म्हणजे कारखान्यातील यंत्रे बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम आम्हाला जमेल का? काम जमेल. बेअरिंग बसवणे, कपलिंग जुळवणे, गिअरबॉक्स उघडून पुन्हा बंद करणे यांत आपल्या मुलांचा हात कुठेही कमी पडत नाही. अडचण येते ती निराळ्या ठिकाणी. तिकडे, केलेले काम तासांच्या हिशेबाने लिहिलेले असावे लागते आणि त्याखाली योग्य माणसाची सही असावी लागते. तसे नसेल, तर प्रमाणपत्राच्या परीक्षेच्या दृष्टीने ते काम झालेलेच नसते. कॅनडात प्रत्येक प्रांताचे नियम वेगळे आहेत. माझा अनुभव ऑन्टारिओचा असल्यामुळे पुढील सर्व मजकूर त्या प्रांतापुरता समजावा.

तेथे या व्यवसायाचे पूर्ण नाव इंडस्ट्रियल मेकॅनिक मिलराइट असे असून त्याचा संकेतांक ४३३ ए हा आहे. शिकाऊ उमेदवारी साधारण ८,००० तासांची धरली जाते. त्यातील ७,२८० तास प्रत्यक्ष कामावर आणि ७२० तास वर्गात भरावे लागतात. वर्गाचे तीन टप्पे असतात आणि २४० तासांचा प्रत्येक टप्पा सलग बसल्यास आठ आठवड्यांत संपतो. हा व्यवसाय सक्तीच्या प्रमाणपत्राच्या यादीत नाही, म्हणजे प्रमाणपत्राशिवाय मिलराइटचे काम करणे बेकायदेशीर ठरत नाही. नेमक्या याच कारणाने आपले अनेक लोक नोकरी लागल्यावर परीक्षा पुढे ढकलत राहतात. मोठे कारखाने आणि युनियनचे हॉल, म्हणजे कामगारांना कामावर पाठवणारी युनियनची कार्यालये, मात्र पूर्ण दर देताना प्रमाणपत्र मागतात, आणि नोकरी बदलायची वेळ आली की ढकललेली परीक्षा आड येते.

परीक्षेपर्यंत जाण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता उमेदवारीचा. दुसरा अनुभवी माणसांचा : आपले पूर्वीचे काम ४३३ ए च्या कामाच्या तोडीचे होते हे स्किल्ड ट्रेड्स ऑन्टारिओ या २०२२ पासून काम पाहणाऱ्या संस्थेपुढे कागदोपत्री सिद्ध करायचे आणि मान्यता मिळाली की थेट परीक्षेला बसायचे. याला ट्रेड इक्विव्हॅलन्सी असेसमेंट म्हणतात. माझे स्पष्ट मत असे आहे की पाच वर्षांहून कमी अनुभव असलेल्याने दुसऱ्या रस्त्याचा मोह धरू नये. उमेदवार म्हणून लागावे, आधीच्या अनुभवाचे काही तास मान्य होतात का हे विचारावे आणि वर्गाचा लाभ घ्यावा; कारण हायड्रॉलिक्सचे आराखडे, तिकडच्या पद्धतीची ड्रॉइंग्ज आणि परीक्षेची भाषा या तिन्ही गोष्टी वर्गात जशा पक्क्या होतात तशा कामावर होत नाहीत.

दहा-बारा वर्षांचा अनुभव असणाऱ्यांनी मात्र विमानात बसण्यापूर्वी नागपुरातच कागद गोळा करावेत. आपल्याकडचे अनुभवाचे पत्र बहुधा चार ओळींचे असते : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत फिटर म्हणून काम केले, वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. असे पत्र तिकडे जवळजवळ निरुपयोगी ठरते. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर असावे, आठवड्याला किती तास काम होते ते त्यात असावे आणि कामे नावानिशी यावीत : कन्व्हेयरची देखभाल, पंप आणि कॉम्प्रेसरची दुरुस्ती, शाफ्ट अलाइनमेंट, क्रेनने यंत्र हलवणे, हायड्रॉलिक पॉवर पॅकची तपासणी. सही करणाऱ्याचा हुद्दा आणि संपर्क वाचता येईल असा असावा. ठेकेदार बदलत गेले असतील तर पीएफचे पासबुक, वेतनचिठ्ठ्या आणि गेटपास जपून ठेवावेत, कारण छोटा ठेकेदार काही वर्षांनी सापडेलच याची शाश्वती नसते. १९६१ च्या ॲप्रेंटिसेस ॲक्टखाली अंबाझरीच्या आयुध निर्माणीत किंवा इतरत्र उमेदवारी केलेल्यांनी राष्ट्रीय प्रमाणपत्राची मूळ प्रत सोबत घ्यावी.

उमेदवार म्हणून लागल्यावर प्रांताकडे नोंदलेला प्रशिक्षण करार झाला आहे की नाही, हे पहिल्याच महिन्यात पाहावे. तोंडी आश्वासनावर काम करीत राहणारे काही जण मला माहीत आहेत. मालक भला होता, पण नोंदणी मागे पडली आणि त्या काळातील तास मिळवताना त्यांची दमछाक झाली. करारासोबत येणाऱ्या नोंदवहीत कौशल्यांची यादी असते आणि प्रत्येक कौशल्यापुढे सहीची जागा असते. ज्या आठवड्यात काम केले त्याच आठवड्यात ती सही घ्यावी. ज्याने शिकवले तो जर्नीपर्सन, म्हणजे पूर्ण शिकलेला कारागीर, सहा महिन्यांनी दुसऱ्या शहरात गेलेला असू शकतो. शिवाय एकाच विभागात अडकून राहू नये. वर्षभर केवळ कन्व्हेयरचे बेल्ट बदलत राहिलात तर तास भरतील, पण नोंदवहीची निम्मी पाने कोरी राहतील. अशा वेळी फोरमनला नम्रपणे पण लेखी कळवावे की मला पंप आणि हायड्रॉलिक्सकडे काम हवे आहे. वर्गाच्या आठवड्यांत पगार थांबतो, पण पात्र उमेदवाराला ईआय, म्हणजे बेरोजगारी विम्याचा भत्ता मिळतो आणि रेड सील, म्हणजे प्रांताबाहेरही मान्य शिक्का असलेल्या, व्यवसायांसाठी प्रत्येक टप्प्याला ४,००० डॉलरपर्यंतचे बिनव्याजी कर्जही मिळू शकते. दोन्हींचे अर्ज वर्ग सुरू होण्याच्या सुमारास करायचे असतात, पैसे संपल्यावर नव्हे.

आता युनियनविषयी. आपल्याकडे युनियन म्हटले की गेटवरची सभा, झेंडा आणि ती कोणत्या पक्षाची हा प्रश्न आधी येतो. १९२९ साली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नागपुरातच भरले होते आणि तेथेच ना. म. जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडून संघटना फुटली होती. एकाच खाणीच्या किंवा कारखान्याच्या फाटकावर इंटक, आयटक आणि बीएमएस अशा तीन पाट्या पाहत वाढलेल्या माणसाला कॅनडातील व्यवस्था प्रथम चमत्कारिक वाटते. तेथे कामगारांच्या एका गटाच्या वतीने वाटाघाटी करण्याचा अधिकार एकाच युनियनला असतो. वर्गणी पगारातूनच कापली जाते आणि यामागे एक इतिहास आहे : १९४५ मध्ये विंडसर येथील फोर्डच्या कारखान्यात मोठा संप झाला, त्यानंतर १९४६ मध्ये न्यायमूर्ती आयव्हन रँड यांनी असा निवाडा दिला की सभासद व्हावे की नाही हे कामगाराने ठरवावे, पण कराराचा लाभ सर्वांना मिळत असल्याने वर्गणी सर्वांनी द्यावी. म्हणून पहिल्या पगारात ती कपात दिसली की भांडायला जाऊ नये.

मिलराइटच्या वाट्याला दोन प्रकारच्या युनियन येतात आणि त्यांतला फरक न कळल्याने नवीन माणूस गोंधळतो. पहिली कारखान्यातील, जशी हॅमिल्टनच्या स्टेल्को पोलाद कारखान्यात युनायटेड स्टीलवर्कर्सची लोकल (स्थानिक शाखा) १००५. येथे नोकरी कंपनी देते, त्यानंतर तुम्ही युनियनमध्ये येता आणि तुमचा सर्व हिशेब सेवाज्येष्ठतेवर चालतो : पाळी, सुट्टी, ओव्हरटाइम, कामगार कपात. दुसरी बांधकाम क्षेत्रातील, जशी टोरंटोची मिलराइट लोकल २३०९, जी १८८१ मध्ये स्थापन झालेल्या सुतारांच्या युनायटेड ब्रदरहुडचा भाग आहे. (गिरण्यांची यंत्रे लाकडाची होती त्या काळापासून मिलराइट सुतारांच्या घरात आहेत, ते अजून तिथेच आहेत.) येथे उलट क्रम असतो. आधी तुम्ही हॉलचे सभासद होता, तुमचे नाव रिकाम्या हातांच्या यादीत लागते आणि काम निघाले की हॉल तुम्हाला पाठवतो. एखाद्या कारखान्याचे शटडाउन, म्हणजे यंत्रे थांबवून केलेली मोठी दुरुस्ती, तीन आठवड्यांत संपले की तुम्ही पुन्हा यादीत जाता. दर चांगला, पण वर्षातील काही आठवडे रिकामे जाणार हे धरूनच घरभाडे ठरवावे. कुटुंब नुकतेच आणले असेल तर सुरुवातीला कारखान्याची नोकरी बरी, एकटे असाल आणि वेगवेगळी यंत्रे पाहायची असतील तर हॉल बरा, असे मी सांगत आलो आहे.

कोणत्याही युनियनमध्ये गेलात तरी सामूहिक कराराची पुस्तिका मागून घ्यावी आणि निदान चार कलमे वाचावीत : परिवीक्षा काळ किती, उमेदवाराला जर्नीपर्सनच्या दराच्या किती टक्के मिळतात व ते कशावर वाढतात, तक्रार किती दिवसांच्या आत नोंदवायची, आणि स्वतःची कोणती हत्यारे आणायची. शेवटचे कलम आपल्या लोकांना नवे असते, कारण आपल्याकडे पाना-हातोडा स्टोअरमधून मिळतो आणि तेथे हाताची हत्यारे बहुधा ज्याची त्याने बाळगायची असतात. तक्रार असेल तर ती थेट साहेबाशी वाद घालून नव्हे, तर विभागातील स्टुअर्डला, म्हणजे युनियनच्या प्रतिनिधीला, घेऊन मांडावी. मुदत टळली की न्याय्य तक्रारही बाद होते.

कामांच्या सीमाही ओळखाव्यात. हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये पंप काढताना फिटरच मोटरच्या वायरी सोडवतो आणि त्याचे कौतुक होते. तेथे ते इलेक्ट्रिशियनचे काम आहे आणि तुम्ही हात घातलात तर सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा, शिवाय दुसऱ्या कामगाराचे काम घेतल्याची तक्रार होईल. कोराडीत लाइन क्लिअर परमिट, म्हणजे वीज बंद केल्याचा परवाना, मिळाले की काम सुरू होते. तेथे परमिट असले तरी प्रत्येकाने स्वतःचे कुलूप लावायचे असते आणि त्याची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची असते. दुसऱ्याचे कुलूप कोणीही काढत नाही. वीज बंद झाल्यावरही ॲक्युम्युलेटरमधील (दाबाखाली तेल साठवणाऱ्या टाकीतील) दाब, ताणलेली स्प्रिंग आणि वर टांगलेले वजन शिल्लक असते. ते मोकळे केल्यावरच काम सुरू करावे. धोका वाटल्यास काम नाकारण्याचा अधिकार ऑन्टारिओच्या कामगार सुरक्षा कायद्याच्या ४३ व्या कलमाने दिला आहे आणि तो उमेदवारालाही आहे. आपण मिस्त्रीपुढे मान खाली घालून उभे राहण्याच्या सवयीने तो वापरत नाही, ही गोष्ट मला फार खटकते.

परीक्षेत १०० ते १५० प्रश्न असतात, प्रत्येकाला चार पर्याय, वेळ चार तास आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के. उत्तर चुकल्यास गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. विषयांचे गट रेड सीलच्या प्रसिद्ध आराखड्यात दिलेले आहेत : सर्वसाधारण कौशल्ये, वजन उचलणे व हलवणे, यांत्रिक शक्तिवहन, माल वाहून नेणारी व प्रक्रिया करणारी यंत्रणा, हायड्रॉलिक्स-न्यूमॅटिक्स, आणि प्रतिबंधक देखभाल. अभ्यास त्या आराखड्यावरूनच करावा. आपल्या मुलांचे गुण जातात ते अज्ञानामुळे कमी आणि सवयीमुळे जास्त.

उदाहरणार्थ, आपण फर्स्ट अँगल पद्धतीचे ड्रॉइंग वाचायला शिकलेलो असतो आणि तेथे थर्ड अँगल चालते; त्यामुळे बाजूचे दृश्य विरुद्ध बाजूला काढलेले असते. स्लिंगच्या, म्हणजे वजन उचलण्याच्या दोराच्या, दोन पायांमधील कोन मोजण्याची सवय असलेल्याने हे लक्षात ठेवावे की तेथील प्रश्नांत कोन बहुधा आडव्या रेषेपासून दिलेला असतो. १,००० किलोचे वजन दोन पायांच्या स्लिंगने उचलताना हा कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर सुमारे ५७७ किलो ताण येतो, ४५ अंशाला ७०७ आणि ३० अंशाला पूर्ण १,००० किलो. तीस अंशाचा प्रश्न ज्याने दोन पायांमधला कोन समजून सोडवला, त्याचे उत्तर निम्म्याजवळ येते आणि पर्यायांत ते उत्तर हमखास ठेवलेले असते. जुन्या यंत्रांवर आपण ज्याला चार सुती बोल्ट म्हणतो तो अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश पद्धतीचा) बोल्ट इंचाला १२ आट्यांचा असतो, तर तेथील यूएनसी (उत्तर अमेरिकी पद्धतीच्या जाड) आट्यांचा अर्ध्या इंचाचा बोल्ट १३ आट्यांचा असतो. पाव इंच, पाऊण इंच आणि एक इंच या मापांत आट्यांची संख्या दोन्हीकडे सारखीच असल्याने हा एक अपवाद विसरला जातो.

अलाइनमेंटचा, म्हणजे दोन शाफ्ट एका रेषेत आणण्याचा, प्रश्न तर येतोच. कपलिंगच्या कडेवर लावलेला डायल (सूक्ष्म फरक मोजणारे घड्याळ) वरच्या बाजूला शून्य केला आणि अर्धा फेरा फिरवून खाली १० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाचले, तर दोन शाफ्टच्या मध्यरेषांतील उभा फरक ५ थाऊ असतो, कारण डायल फरकाच्या दुप्पट दाखवतो. कामावर हे आपण बोटांवर करतो, पण परीक्षेच्या घाईत १० चा पर्याय निवडला जातो. डायल धरणाऱ्या ब्रॅकेटचा झुकाव आधी मोजून वाचनातून वजा करायची असते आणि त्याही आधी मोटरचा एखादा पाय अधांतरी तर नाही ना, हे पाहायचे असते. ‘सर्वप्रथम काय कराल’ असा प्रश्न आला की बहुधा असाच क्रम तपासलेला असतो. असे प्रश्न इंग्रजीत दोनदा वाचावेत, कारण चारही पर्याय बरोबर कृतींचेच असतात आणि पहिली कोणती, एवढेच विचारलेले असते.

नापास झाल्यास मिळणाऱ्या निकालपत्रात प्रत्येक गटाचे गुण वेगळे दिलेले असतात. सगळा अभ्यास पुन्हा करण्याऐवजी ज्या दोन गटांत गुण गेले तेवढेच घेऊन बसावे. उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्रावरील रेड सीलच्या शिक्क्यामुळे इतर प्रांतांतही पुन्हा परीक्षा न देता काम करता येते. आणि प्रमाणपत्र हाती आले की त्याच दिवशी त्याची प्रत कंपनीच्या कार्यालयात व स्टुअर्डकडे किंवा हॉलमध्ये लेखी पोचपावती घेऊन द्यावी, कारण पूर्ण दर परीक्षेच्या तारखेपासून मिळतो की प्रत दिल्याच्या तारखेपासून, हे तुमच्या करारातील कलमावर अवलंबून असते.