एंटरप्राइझ आर्किटेक्चरची सामायिक तत्त्वं ठरवताना या चुका टाळा

एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणजे संस्थेच्या सगळ्या सिस्टिम, माहिती आणि कामकाज एकमेकांशी कसं जुळावं याची आखणी. तिची तत्त्वं ठरवताना सर्वात मोठी गफलत सुरुवातीलाच होते. सिस्टिम कशी असावी आणि आर्किटेक्टनं कसं वागावं, या दोन्ही गोष्टी एकाच यादीत कोंबल्या जातात. ‘बनवण्याआधी विकत घेण्याचा विचार करा’ हे आर्किटेक्चरचं तत्त्व आहे. संस्था बदलली की तेही बदलू शकतं. ‘व्हेंडरशी हितसंबंध असतील तर आधीच उघड करा’ हे पेशाचं मूल्य आहे, आणि आर्किटेक्ट कुठेही गेला तरी ते त्याला लागू राहतं. म्हणून दोन स्वतंत्र दस्तऐवज करा.

मूल्यांसाठी कोऱ्या पानापासून सुरुवात करू नका. एसीएम या संगणक क्षेत्रातल्या व्यावसायिकांच्या संघटनेची २०१८ची आचारसंहिता आहे. सॉफ्टवेअर अभियंत्यांसाठी एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटीची आठ तत्त्वांची संहिता आहे आणि तिच्यात लोकहित पहिल्या क्रमांकावर आहे. त्यात आपल्या कामापुरती भर घाला: खर्चाच्या अंदाजातली अनिश्चितता लपवू नये, निर्णयाला असलेला विरोध नोंदवावा.

दुसरी चूक म्हणजे घोषवाक्यं. ‘सिस्टिम सुरक्षित असावी’ याच्या उलट कुणीच म्हणणार नाही, त्यामुळे त्यातून कुठलाच निर्णय निघत नाही. टोगॅफ या एंटरप्राइझ आर्किटेक्चरच्या प्रचलित चौकटीत तत्त्वाचे चार भाग सांगितले आहेत: नाव, विधान, कारण आणि परिणाम. बहुतेक ठिकाणी चौथा भाग दोन ओळींत उरकला जातो, आणि खरी किंमत तिथेच कळते. ‘ग्राहकाच्या माहितीचा अधिकृत स्रोत एकच’ हे तत्त्व घ्या. परिणामांत असं लिहावं लागेल: बिलिंग सिस्टिमला पत्ता परस्पर बदलता येणार नाही, तिच्याकडची प्रत फक्त वाचण्यापुरती राहील, माहिती एकगठ्ठा पाठवणाऱ्या रात्रीच्या बॅच फाइली कोणत्या तारखेला बंद होणार, मूळ स्रोत बंद पडला तर किती जुनी प्रत चालेल, माहितीचा मालक कोण आणि बदलाचा खर्च कुणाच्या बजेटमधून. यावर वाद होतोच. तो मंजुरीआधी झालेला बरा, प्रोजेक्ट अर्ध्यावर आल्यावर नको.

हे वाद आर्किटेक्टांच्या बंद खोलीत उरकू नका. सिक्युरिटी, ऑपरेशन्स, वित्त आणि व्यवसाय विभागांना परिणामांचा मसुदा पाठवा. तत्त्वांची नुसती नावं पाठवली तर सगळे होकार देतात आणि पुढे अडून बसतात. मग मागचे पाच-सहा मोठे निर्णय या तत्त्वांवर तपासा. एकही निर्णय बदलला नसता किंवा अधिक पक्का झाला नसता, तर मसुदा अजून कच्चा आहे.

संख्या आवरा. अनेक संस्था दहा ते वीसवर थांबतात. तत्त्वं एकमेकांशी भिडतील तेव्हा कोणतं वरचढ, हेही लिहून ठेवा. नाहीतर प्रत्येक जण सोयीचं तत्त्व पुढे करतो.

कधीकधी एखादं तत्त्व न पाळण्याची सवलत द्यावीच लागते, पण मुदतीशिवाय दिलेली सवलत कायमची होऊन बसते. नोंदीत तत्त्व, कारण, मंजुरी देणारा, संपण्याची तारीख आणि नंतर दुरुस्तीला लागणारा खर्च असू द्या. एकाच तत्त्वाला वारंवार सवलत मागितली जात असेल, तर टीमवर दोष ढकलण्याआधी दोन गोष्टी बघा: त्या तत्त्वासाठी पैसा दिला होता का, आणि ते आजही लागू पडतं का?

रद्द केलेलं तत्त्व पुसू नका. क्रमांक, तारीख आणि रद्द करण्याचं कारण तसंच ठेवा, कारण जुन्या निर्णयांच्या नोंदींत त्याचाच आधार दिलेला असतो.