सेंट मेरीज बेटांची तयारी: बेळगावहून निघणाऱ्यांसाठी

टाचेमागे पट्टा असलेली, पायाला घट्ट बसणारी, भिजली तरी चालेल अशी सँडल. प्रत्येकी एक जोड. पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल, पण हे आधी लिहून घ्या. सेंट मेरीज म्हणजे कर्नाटकात उडुपीजवळच्या मालपे बंदरासमोरची बेटं, लाव्हा निवून झालेल्या दगडी खांबांसाठी बघायची. तिकडे निघालेल्या ग्रुपमध्ये टोपी, चष्मा, चार्जर, भडंग सगळं असतं आणि निम्म्या पायांत साध्या चपला असतात. दिवस बिघडतो तो तिथे.

तारीख ठरवण्यापासून सुरुवात करा. पावसाळ्यात बोटी बंद असतात, त्यामुळे श्रावणातल्या सुट्ट्या विसरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर बेटावरचं ऊन सोसत नाही, कारण सावली म्हणजे नारळाची झाडं, तेवढीच. रविवारी गर्दी असते, शक्यतो टाळा. उलट आडवारी सकाळी गेलात तर ठरावीक माणसं जमेपर्यंत मोठी बोट सुटत नाही. वीस-पंचवीस जणांचा ग्रुप असेल तर आधीच फोन करून पूर्ण बोट ठरवावी. ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: बेटावर किती तास मिळणार, माहिती सांगणारा माणूस बोटीबरोबर येणार का, आणि बाकीच्या बेटांना बोटीतून वळसा घालणार का. बेटं चार आहेत: नारळाचं बेट, उत्तरेचं, दक्षिणेचं आणि दर्याबहादूरगड. पर्यटकांच्या बोटी लागतात त्या नारळाच्या बेटाला. ते जेमतेम अर्धा किलोमीटर लांब आणि शंभरेक मीटर रुंद आहे. तासाभरात फिरून होतं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दगड नीट बघायचे तर निदान तीन तास हातात हवेत.

तारखेबरोबर भरती-ओहोटी बघा. आपण घाटमाथ्यावरची माणसं, पंचांगात एकादशी-संकष्टी बघतो, पाण्याची वेळ बघायची सवय नाही. बेटावरचे सगळ्यात सुंदर खांब पाण्याच्या कडेला आहेत. पाणी उतरलेलं असेल तर त्यांच्या मुळाशी जाता येतं, चढलेलं असेल तर माथे तेवढे दिसतात. अमावस्या-पौर्णिमेला ओहोटी खोल जाते हे खरं, पण या किनाऱ्यावर त्या दिवसांत भरती दुपारच्या सुमारास येते आणि खोल ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे बोटी नसतात तेव्हा. अष्टमीच्या आगेमागे ओहोटी दिवसा सापडते. पाणी थोडं कमी हटतं, पण तुम्ही बेटावर असताना हटतं. हा ढोबळ हिशेब झाला. नक्की वेळेसाठी त्या तारखेचं मंगळूर बंदराचं वेळापत्रक मोबाइलवर काढा आणि ओहोटीच्या दोन तास आधी बेटावर पोचाल असं सकाळचं गणित बांधा.

सकाळच म्हणतोय, कारण दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि पाणी खवळतं. मालपेपासून बेट सहाएक किलोमीटर, मोठ्या बोटीने अर्धा तास. सकाळी हाच अर्धा तास मजेत जातो. दुपारी तेवढ्याच वेळात चार जण कठड्याला धरून बसतात.

आता पुन्हा पायांकडे. सँडल का, ते सांगतो, कारण कारण कळलं नाही की माणसं चप्पलच घालून येतात. मोठी बोट बेटाला टेकत नाही. ती थोड्या अंतरावर थांबते, शेजारी लहान होडी येते आणि तुम्ही या बोटीतून त्या होडीत उतरायचं असतं. दोन्ही एकाच वेळी वर-खाली होत नाहीत. एक वर येते तेव्हा दुसरी खाली असते. होडी वर आली, दोन्ही काठ समपातळीत आले की बोटवाला हात पुढे करतो, त्याच्या मनगटाच्या वर घट्ट धरायचं आणि पाय टाकायचा. उडी मारायची नाही. हातात पिशवी, मोबाइल, मूल काही नको. मूल बोटवाल्याकडे द्या, तो रोज शंभर मुलं उतरवतो. या एका पावलाला सैल चप्पल फिरली की घोटा गेला. पुढे होडीतून उतरताना पाणी घोट्याला किंवा गुडघ्याला लागतं आणि चप्पल तरंगत निघून जाते. मग अनवाणी चालायचं कशावर? या बेटाच्या किनाऱ्यावर मऊ वाळू थोडी आणि शंख-शिंपल्यांचे तुकडे फार. काही ठिकाणी तर वाळू नाहीच, नुसता शिंपल्यांचा थर. पाण्याजवळच्या दगडांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड ओल्याने मऊ पडलेला तळवा सहज चिरते. आणि त्याच्यावर ज्या खांबांसाठी आलो त्यांचे माथे: कुठे वीतभर उंच, कुठे छातीएवढे, मधे फटी, ओले असतील तिथे हिरवं शेवाळ. चपलेवर तिथे चढणं म्हणजे पडणंच.

घेताना हे बघा. तळाला खोल खाचा हव्यात. पुढे बोटं झाकणारी असेल तर फार चांगलं. नुसत्या वेल्क्रोत वाळू गेली की पट्टा सुटतो, म्हणून बकल असलेली घ्या. चामडं नको. बूट-मोजेही नकोत, भिजले की दिवसभर फुगलेले पाय घेऊन फिराल. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात घ्या, पण निघायच्या आदल्या दिवशी नाही. आठ दिवस आधी घ्या, रोज तासभर घालून फिरा, नाहीतर फोड बेटावर येतील. लहान मुलांना वाढत्या मापाची घेऊ नका. आजी-आजोबांनाही हीच, त्यांना तर आधी.

औषधांचा डबा. उलटीची गोळी बोटीत चढायच्या तासभर आधी. मळमळायला लागल्यावर घेतली तर ती पोटात टिकत नाही. मुलांना, गरोदर बाईला आणि बीपीच्या माणसाला डॉक्टरांना विचारूनच द्या. गोळीने झोप येते, तेव्हा गाडी चालवणाऱ्याला नको. ओआरएसच्या पुड्या, कापूस, गॉज, पोव्हिडोन आयोडीन, चिकटपट्टी, एक चिमटा. शिंपल्याने कापलं तर आधी भरपूर पिण्याच्या पाण्याने धुवायचं, आत राहिलेली कच चिमट्याने काढायची, मग औषध. समुद्राच्या पाण्याने जखम स्वच्छ होते ही समजूत चुकीची आहे. या जखमा चिघळतात. पाच वर्षांत धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर उडुपीत येऊन घ्या. सँडल घातली असेल तर या डब्याची गरज बहुतेक पडत नाही.

पाणी प्रत्येकी दोन लिटर, स्टीलच्या बाटलीत. बेटावर वस्ती नाही, पाण्याचा भरवसा धरू नका. स्टीलची एवढ्यासाठी की बेटावर प्लास्टिक आणि दारू चालत नाही, पिशव्या तपासतात. वेफर्सची पाकिटं, प्लास्टिकच्या प्लेटा घरीच ठेवा. खाणं सुकं असावं: कडक भाकरी, शेंगाचटणी, चिरमुऱ्याचा चिवडा, करदंट. कुंदा नेऊ नका, त्या उन्हात टिकत नाही. डबा बेटावर उघडू देतात का ते तिकीट खिडकीवर विचारा, नाहीतर बसमध्ये ठेवून परत आल्यावर खा.

कपडे लवकर वाळणारे. जीन्स नको. बायकांनी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालावा आणि ओढणी पिनेने बसवावी, होडीत उतरताना ती पायात येते. टोपीला दोरी, चष्म्याला दोरी. मोबाइलला गळ्यातलं पाण्याचं कव्हर. एक कोरडा जोड बसमध्ये ठेवायचा, बोटीवर न्यायचा नाही.

प्रवास: बेळगाव ते मालपे साडेतीनशे-चारशे किलोमीटर, वाटेवर अवलंबून. रेल्वेने लोंढा, मडगाव, मग कोकण रेल्वेने उडुपी असं जाता येतं, पण गाड्या जुळवाव्या लागतात. ग्रुपला रात्रीची बस सोपी. यल्लापूरहून अंकोल्याला उतरताना अरबैल घाट लागतो, म्हणून रात्रीचं जेवण हलकं. रात्री नऊला निघालात तर सकाळी उडुपी. लॉजवर दोन तास अंग टाकायची सोय करा. झोप न झालेल्या माणसाला बोट हमखास लागते. वाटेत कुंदापूरजवळ बसरूर आहे. शिवाजी महाराजांची १६६५ मधली समुद्रमार्गे स्वारी तिथलीच, तेव्हा कुणीतरी थांबायचा आग्रह धरणारच. परतताना थांबा. जाताना थांबलात तर ओहोटी चुकते.

मालपेत बसमधून उतरण्यापूर्वी एकाने दारात उभं राहून प्रत्येकाचे पाय बघायचे. सँडल बॅगेत असून उपयोग नाही, पायात हवी. बॅगा बसमध्ये राहतात आणि माणसं पुढे जातात.

बोटीत चढताना लाइफ जॅकेट मोजा: जेवढी माणसं तेवढी जॅकेटं, आणि मुलांना मुलांच्या मापाची. मोठं जॅकेट मुलाच्या अंगात घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली जातं. बकल लावून, खांद्याला धरून वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर सैल आहे. फोटोसाठी काढायचं नाही. बोटीत गर्दी जास्त वाटली तर पुढची बोट घ्या, यात भीड धरू नका.

बेटावर उतरल्यावर लगेच सेल्फीला पळू नका. माहिती सांगणाऱ्याला आधी गाठा आणि खांब कसे झाले ते समजून घ्या, मग बघणं वेगळं होतं. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी, भारत मादागास्करपासून सुटत होता त्या काळातला हा लाव्हा. तो निवताना आकसला. तळ्याचा गाळ वाळला की त्याला जशा बहुकोनी भेगा पडतात तशा याला पडल्या आणि थंडावा आत जाईल तशा त्या खोल गेल्या, म्हणून वरून फरशी दिसते आणि बाजूने खांब. बरेचसे सहा बाजूंचे, पण पाच आणि सात बाजूंचेही सापडतात. मुलांना मोजायला लावा. भेग थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात जाते, त्यामुळे एखादा जुडगा आडवा किंवा कललेला दिसला तर तिथे लाव्हा कुठल्या बाजूने निवला असेल ते विचारा. आपल्या निपाणी-चिकोडीकडचा काळा पाषाण हाही लाव्हाच, पण तो बेसाल्ट आणि सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. हा रायोलाइट, सिलिका जास्त असलेला, वाहायला घट्ट. पन्हाळ्याजवळ बांदिवड्याला बेसाल्टचे असे खांब आहेत. ते आधी बघून आलेल्याला इथे दुप्पट दिसतं. वास्को द गामा १४९८ मध्ये इथे उतरला आणि बेटाला मेरीचं नाव दिलं अशी आख्यायिका सांगतील, तीही ऐका.

दगडाचा तुकडा किंवा शिंपला खिशात टाकायचा नाही. हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, आणि एकदा तुटलेला खांब पुन्हा होत नाही.

पाण्यात उतरायचं तर सुरक्षारक्षक दाखवतील तेवढ्याच जागेत. खांबांच्या कडेवर समुद्राकडे पाठ करून उभं राहणं अजिबात नको. लाट मोजून येत नाही, आणि इथे बुडाल्याच्या घटना झालेल्या आहेत. पोहता येतं म्हणणाऱ्यांवर जास्त लक्ष ठेवा. तळ्यात किंवा मलप्रभेत पोहणं वेगळं. पोहतानाही सँडल पायात.

परतीच्या बोटीची वेळ गटप्रमुखाने सगळ्यांच्या मोबाइलवर टाकावी, अर्धा तास आधी नारळाखाली जमावं, माणसं मोजावीत. उतरताना जसं तसंच चढताना. कचरा परत आणायचा.

मालपेत गोड्या पाण्याने पाय आणि सँडल धुवा, खारं पाणी बकल गंजवतं. कोरडे कपडे. उडुपीत जेवण, वेळ असेल तर कृष्णमठ. गाडी चालवणाऱ्याची झोप झाली आहे का ते विचारा, नसेल तर मुक्काम करा.