न्यूटसाठी पाणी आणि जमीन असलेली टाकी: सगळा प्रश्न काठाचा

न्यूट पालीसारखा दिसतो म्हणून कुणी टाकीवर उष्णतेचा दिवा लावतं, पाण्यात राहतो म्हणून कुणी माशांचा हीटर सोडतं. दोन्ही गोष्टी त्याच्या जिवावर उठतात. न्यूट हा सॅलॅमँडरच्या कुळातला उभयचर, त्याला थंडावा लागतो. सर्रास पाळल्या जाणाऱ्या लाल पोटाच्या चिनी न्यूटला १६ ते २० अंश सेल्सियस पाणी मानवतं. पाणी २४ अंशांच्या वर राहू लागलं की तो खाणं सोडतो आणि आजारी पडतो. म्हणून टाकीआधी थंडाव्याची सोय करा: उन्हापासून लांबची जागा, पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र. तेही जमणार नसेल तर न्यूट आणू नका.

दोन-तीन न्यूटना किमान ६० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद टाकी घ्या. उंचीपेक्षा पसारा महत्त्वाचा. झाकण घट्ट बसणारं, जाळीचं हवं. ओल्या अंगाचा न्यूट उभी काच सहज चढतो आणि हवेची नळी आत जाते त्या खाचेतूनही निसटतो, त्यामुळे ती खाच स्पंजनं बंद करा.

पाणी किती आणि जमीन किती, हे जातीवर आणि वयावर ठरतं. वाढ झालेल्या चिनी न्यूटला तीन भाग पाणी आणि एक भाग जमीन पुरते. कल्ले गळून नुकतीच बाहेर आलेली पिल्लं मात्र बराच काळ जमिनीवर काढतात. उत्तर अमेरिकेतल्या पूर्वेकडच्या न्यूटची नारिंगी पिल्लं तर काही वर्षं जंगलातल्या ओल्या पाचोळ्यात राहतात आणि मग पाण्यात परततात. अशांसाठी हे प्रमाण उलटं करा. पुढची मापं वाढ झालेल्या, पाण्यात रमणाऱ्या न्यूटसाठी आहेत.

आता काठ, म्हणजे जमीन आणि पाणी जिथे भेटतात ती जागा. बहुतेक टाक्या इथेच बिघडतात. माझ्या दोन बिघडल्या.

पहिल्या टाकीत मी सगळे सांगतात तेच केलं: मध्ये काचेची आडवी पट्टी सिलिकॉननं चिकटवली, एका बाजूला माती, दुसऱ्या बाजूला पाणी. सांध्यातून अगदी बारीक झिरपत होतं, डोळ्यांना दिसतही नव्हतं. पण दिव्याची वात तेल ओढते तशी माती पाणी ओढते. तीन आठवड्यांत ती खालून काळी पडली, आंबूस वास सुटला, आणि दुरुस्तीसाठी अख्खी टाकी उपसावी लागली. दुसऱ्या वेळी खडीचा उतार रचून वर दगड मांडले. खडी रोज थोडी थोडी घसरत राहिली, तिच्या फटींत घाण साचली, आणि गांडुळावर झडप घालताना एका न्यूटनं खडाच तोंडात घेतला. तोंडात मावेल असा खडा न्यूटच्या टाकीत नको, कारण तो गिळला तर आतडं तुंबतं. एकावर एक रचलेले सुटे दगडही नकोत, ते सरकले की खाली न्यूट चिरडतो.

त्यानंतर मी जमीन पाण्यापासून पूर्ण वेगळी केली, आणि आता दुसरं काही सुचवत नाही. साधारण १० सेंटीमीटर खोल प्लास्टिकचा ट्रे घ्या, तळाला बारीक भोकं पाडा आणि तो चार पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांवर उभा करा. पाणी १५ सेंटीमीटर ठेवणार असाल तर पाय १७ सेंटीमीटरचे, म्हणजे ट्रेचा तळ पाण्याच्या २ सेंटीमीटर वर राहतो. ट्रेखालचं पाणीही न्यूटना वापरता येतं आणि वर श्वासापुरती हवा असते. पाइप थेट काचेवर टेकवा, वाळूवर नाही. त्यांना दोन-तीन भोकं पाडा म्हणजे आतलं पाणी कोंडत नाही, पण न्यूटचं डोकं शिरेल एवढी मोठी नकोत. चिकटवायला बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन वापरा आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबा.

ट्रेमध्ये खाली ३ सेंटीमीटर भाजक्या मातीचे गोळे, त्यावर जाळी, वर ५ सेंटीमीटर खत न मिसळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यावर शेवाळ आणि लपायला सालीचा तुकडा. एका रात्रीनंतर मूठभर कोकोपीट दाबून बघा. गोळा व्हायला हवा, पाणी टपकायला नको.

पाण्यातून ट्रेवर चढायच्या उतारासाठी कॉर्कची १० सेंटीमीटर रुंद, खडबडीत साल वापरा. तिचं खालचं टोक तळापर्यंत न्या. टोक पाण्यात जेमतेम बुडालेलं असेल तर चार दिवसांत बाष्पीभवनानं पातळी उतरते, मध्ये पायरी पडते, आणि अशक्त न्यूटला वर चढता येत नाही. दमलेला न्यूट पाण्यात बुडून मरतो, यावर विश्वास न ठेवणारे मला अनेक भेटलेत. कॉर्क तरंगते, म्हणून खालचं टोक स्लेटच्या तुकड्याला चिकटवा.

वात इथेही तयार होते. साल किंवा शेवाळ एकाच वेळी पाण्याला आणि कोकोपीटला टेकलं की पाणी वर चढू लागतं. उताराच्या वरच्या टोकाशी दोन बोटं रुंद पट्टा फक्त भाजक्या गोळ्यांचा ठेवा. गोळे मोठे आणि सुटे असल्यानं ओल तिथेच थांबते.

ट्रे आणि काच यांच्यात एक तर फट अजिबात नको, नाहीतर न्यूट आरामात वळू शकेल एवढी हवी. अर्ध्या बोटाची फट सर्वांत वाईट. एक न्यूट तशा फटीत रात्रभर अडकला होता. सकाळी काढला तेव्हा एका बाजूची कातडी सुकत आली होती. तो जगला, पण तेव्हापासून फट मोजल्याशिवाय मी पाणी भरत नाही.

बाकीचं सोपं आहे. तळाला बारीक वाळू किंवा नुसती काच. जावा मॉस, अनुबियास, हॉर्नवर्ट या पाणवनस्पती. मंद प्रवाहाचा स्पंज फिल्टर. सौम्य एलईडी.

क्लोरीन काढलेलं पाणी भरा आणि न्यूट न सोडता फिल्टर चालू ठेवा. न्यूटच्या घाणीतून विषारी अमोनिया तयार होतो; तो पचवणारे जिवाणू अमोनियाचे थेंब घालून आधीच वाढू द्या. अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तेवढंच घातक नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात, थंड पाण्यात त्याहून जास्त.

न्यूट आणल्यावर काही आठवडे वेगळ्या डब्यात, ओल्या कागदावर ठेवा. सॅलॅमँडर आणि न्यूट मारणारी एक बुरशी २०१३ साली ओळखली गेली. नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर तिनं जवळजवळ संपवले. म्हणून टाकीचं पाणी तळ्यात किंवा ओढ्यात ओतू नका. सोबत मासे नकोत, दुसऱ्या जातीचे न्यूटही नकोत, कारण न्यूटच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं. टाकीत हात घातल्यावर साबणानं धुवा, पण घालण्याआधीही नुसत्या पाण्यानं धुवा. साबणाचा अंश त्यांच्या कातडीला सोसत नाही.

खायला गांडुळाचे तुकडे आणि गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), आठवड्यातून दोन-तीनदा.

पहिले काही दिवस न्यूट जमिनीवर बसून राहिला तर काळजी नको. पण महिनाभर पाण्यात रमलेला न्यूट अचानक वर येऊन उतरायलाच तयार नसेल, तर त्याच दिवशी अमोनिया आणि तापमान मोजा आणि एक तृतीयांश पाणी बदला.