कलाशिक्षकाची स्वतःची वही
मुलांची चित्रे दुरुस्त करता करता कलाशिक्षकाचा स्वतःचा हात थांबतो, म्हणून वेगळी रेखाटनवही ठेवून तिच्यात रोज 15 मिनिटे एकच विषय, उदाहरणार्थ केळीचे पान, महिनाभर काढावा. पुढचा विषय अजिंठ्याच्या लेण्यांतून घ्यावा; जळगावहून अजिंठा सुमारे 60 किलोमीटरवर आहे. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा रविवारी जाऊन पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्रातला कमळ धरलेला हात तेवढाच पेन्सिलीने अभ्यासावा. (पूर्ण चित्राचा मोह अवश्य टाळावा.) परतल्यावर तेथील चित्रकारांनी वापरलेले गेरू, पिवळी माती आणि काजळी हे रंग डिंकाच्या पाण्यात कालवून, पांढऱ्यासाठी खडूची पूड घेऊन, तोच हात रंगवावा आणि ही वही, फसलेल्या पानांसह, मुलांना पाहू द्यावी.