हिरवळीतील लव्हाळ्याचा बंदोबस्त: पावसाळ्याच्या सुरुवातीचा सल्ला

पहिल्या दोन-चार पावसांनंतर घरापुढील हिरवळीत हरळीच्या वर डोके काढणारी चकचकीत, ताठ पाती दिसू लागली, तर तो बहुधा लव्हाळा असतो. खात्रीसाठी फुलोऱ्याचा दांडा बोटांत फिरवून पाहावा. गवताचा दांडा बहुधा गोल लागतो, लव्हाळ्याचा मात्र तीनधारी.

बहुतेकांची चूक येथेच होते. पाती हाताने उपटली की वरचा भाग निघतो, पण खाली बारीक मुळकांडांनी साखळीसारख्या जोडलेल्या काळपट गाठी तशाच राहतात आणि साखळी तुटल्यामुळे आतापर्यंत सुप्त असलेल्या गाठींनाही कोंब फुटतात. उटण्यात घातला जाणारा सुगंधी नागरमोथा म्हणजे याच कुळातील गाठी. हिरवळीत मात्र त्यांचे कौतुक करता येत नाही. बहुतेक गाठी वरच्या सुमारे १५ सेंटिमीटर थरात असतात. म्हणून जमीन ओली असताना अरुंद पात्याचे खुरपे खोल घालून गाठीसह रोप काढावे आणि दर १५ ते २० दिवसांनी तीच जागा पुन्हा तपासावी. कोवळ्या रोपाला नव्या गाठी धरण्यापूर्वी हे झाले, तरच जुन्या गाठींतील साठा हळूहळू संपतो. काढलेल्या गाठी खतखड्ड्यात टाकू नयेत, कारण त्या खताबरोबर परत बागेत येतात.

हिरवळ फार खुरटी कापण्याचा मोह टाळावा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, त्यामुळे दाट हरळी हा त्यावरचा चांगला उपाय आहे. कापणी तीन-चार सेंटिमीटर उंचीवर ठेवावी आणि पाणी साचणारे खळगे भरून घ्यावेत.

तणनाशकाबाबत घाई नको. २,४-डी हे रुंद पानांच्या तणांसाठीचे असून लव्हाळ्यावर त्यावर विसंबता येत नाही, तर ग्लायफोसेट हरळीलाही जाळते. हॅलोसल्फुरॉन मिथाईल लव्हाळ्यावर परिणामकारक असले, तरी भारतात ते उसातील वापरासाठी ओळखले जाते. लेबलवर हिरवळीचा उल्लेख नसल्यास ते फवारू नये.

तण फारच माजले असेल, तर हिरवळ काढून एप्रिल-मे महिन्यांत जमीन १५ ते २० सेंटिमीटर खोल खणावी, वर आलेल्या गाठी वेचाव्यात आणि उरलेल्या कडक उन्हात सुकू द्याव्यात. नवी लागवड करताना बाहेरून आणलेली माती व शेणखत आधी कुंडीत घालून ओले ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत लव्हाळा उगवला, तर ते हिरवळीत घालू नये.