'बोराडे, रा. रं.' की 'बोराडे, आर. आर.'? संदर्भसूचीत नावांच्या या चुका टाळा

प्रबंधाची प्रकरणं वाचून झाली की मी संदर्भसूची उघडतो आणि बहुतेक वेळा तिथेच अडखळतो. पुस्तक बरोबर असतं, साल बरोबर असतं, लेखकाचं नाव मात्र बिघडलेलं असतं. मग त्या नावावरून पुढचा विद्यार्थी ग्रंथालयात गेला तर त्याच्या हाती काहीच लागत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एका लेखकाची तीन रूपं. एकाच यादीत 'बोराडे, रा. रं.', 'बोराडे, आर. आर.' आणि 'रावसाहेब बोराडे'. महानोरांचंही तसंच: एका पानावर 'ना. धों.', आणि इंग्रजी लेखातून उतरवून घेतलेलं 'एन. डी.' दुसऱ्या पानावर. मराठीत आद्याक्षर म्हणजे नावाचं पहिलं अक्षर, काना-मात्रेसकट. नामदेव धोंडो म्हणून ना. धों., रावसाहेब रंगराव म्हणून रा. रं. जोडाक्षर तोडायचं नाही. प्रल्हाद ईरबाजी सोनकांबळे हे 'सोनकांबळे, प्र. ई.' असेच येतील, 'प. ई.' असे नाहीत. शंका आली तर पुस्तकाचं शीर्षकपृष्ठ उघडा, तिथलं रूप घ्या आणि सगळीकडे तेच ठेवा. इंग्रजी ग्रंथांची यादी वेगळी असेल तर तिथे रोमन लिपीतलं नाव खुशाल राहू द्या.

संदर्भ लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतींपैकी एपीए पद्धत आडनावापुढे फक्त आद्याक्षरं मागते, एमएलए पद्धत शीर्षकपृष्ठावरचं नाव तसंच ठेवते. नरहर कुरुंदकर एपीएत 'कुरुंदकर, न.' होतात आणि ओळखू येईनासे होतात. म्हणून मराठी साहित्यावरच्या प्रबंधाला मला एमएलए जवळची वाटते. मार्गदर्शकांनी किंवा विभागाने एपीए सांगितली असेल तर तीच पाळा, पण अर्धी ही आणि अर्धी ती असं करू नका. 'डॉ.', 'प्रा.', 'श्री.' या उपाध्या दोन्हींतही गाळायच्या. सेतुमाधवराव पगडींमधला 'राव' मात्र उपाधी नाही, नावाचाच भाग आहे, तो राहतो.

आता खरी अवघड नावं. बी. रघुनाथ यांचं मूळ नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. परभणीच्या या लेखकाची नोंद 'कुलकर्णी, भ. र.' अशी केली तर त्यांचं पुस्तक शोधणाऱ्याला सापडणार नाही, कारण पुस्तकावर ते नावच नाही. 'रघुनाथ, बी.' केलं तर वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. टोपणनाव अखंड असतं, म्हणून मी 'बी. रघुनाथ' अशीच नोंद 'ब'मध्ये करायला सांगतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामावर काम करणाऱ्यांच्या यादीत 'तीर्थ, आर.' हमखास येतं. व्यंकटेश खेडगीकर संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. तिथलं 'तीर्थ' हे संन्यासपरंपरेतलं नाव आहे, आडनाव नव्हे. नोंद 'रामानंद तीर्थ, स्वामी' अशी करावी. एकनाथ, नामदेव, जनाबाई यांनाही आडनावाच्या साच्यात कोंबू नका, 'नामदेव, स.' असली नोंद मी स्वतः खोडलेली आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या सवयीतून येते. हजेरीपटावर, गुणपत्रिकेवर आडनाव आधी लिहिलेलं असतं. काही लेखक पुस्तकावरही नाव तसंच छापतात. 'शेख', 'सय्यद' तर बहुधा आधीच येतात. विद्यार्थी डोळे मिटून शेवटचा शब्द पुढे आणतो आणि लेखकाचं पहिलं नाव आडनाव होतं. उलटण्याआधी आडनाव कोणतं ते पाहा.

संस्था लेखक असेल तर काहीच उलटायचं नाही. 'परिषद, मराठवाडा साहित्य' ही नोंद सॉफ्टवेअर करून ठेवतं. वर्डमध्ये संस्थेच्या नावासाठी वेगळा रकाना आहे, झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावाचे दोन रकाने जोडून एक करता येतात, ते वापरा. शिवाय 1958 साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार 14 जानेवारी 1994 रोजी झाला. त्याआधीच्या अहवालावर जे नाव छापलंय तेच नोंदवा.

लेखक अनेक असतील तर एपीएच्या सातव्या आवृत्तीत यादीमध्ये 20 पर्यंत सगळी नावं द्यायची. एमएलएत तीन किंवा जास्त असतील तर पहिलं नाव आणि 'व इतर'.

राहिला क्रम. प्रबंध श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केला असेल तर वर्डमधली क्रमवारी कामाची नाही, कारण आतून ती रोमन अक्षरं असतात आणि संगणक त्यांचाच क्रम लावतो. आधी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत, बदलून घ्या, आणि बदलल्यावर नावं एकेक वाचा. अर्धा र, रफार आणि जोडाक्षरं इथेच फुटतात. युनिकोडमध्येही 'ळ'चा क्रमांक 'ल'नंतर लगेच आहे, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. म्हणून 'काळे' कधी 'कासार'च्या वर दिसतात, कधी खाली. क्षीरसागर 'क'मध्ये ठेवायचे की शेवटी, हेही आधीच मार्गदर्शकांना विचारून घ्या. मग यादी छापा आणि पेन्सिल घेऊन वरून खाली फक्त आडनावं वाचत या.