स्टेम सेलच्या कामात येताय? आधी फ्रीझर समजून घ्या

या कामात यायचं म्हणणारी मुलं मला मायक्रोस्कोपबद्दल विचारतात, जीन्सबद्दल विचारतात, फार तर कल्चर मीडियाबद्दल, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवाबद्दल. फ्रीझरबद्दल सहसा कुणी विचारत नाही. चरबीतल्या स्टेम सेल्स वाढवून हवं तेव्हा काढून वापरता येईल असं औषध करायचं, तर निम्मी डोकेदुखी गोठवण्याचीच असते. रुग्णाच्या शरीरात जाते ती गोठून पुन्हा वितळलेली पेशी. फ्लास्कमध्ये ती किती देखणी दिसत होती याला तिथे कुणी विचारत नाही.

कच्चा माल म्हणजे लायपोसक्शनमध्ये निघालेली, एरवी टाकून दिली जाणारी चरबी. तिच्यात हाड, कूर्चा, चरबी अशा वेगवेगळ्या ऊतींकडे वळवता येणाऱ्या पेशी आहेत, हे पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलं. पद्धत ऐकायला सोपी आहे. चरबी धुऊन घ्यायची, कोलॅजिनेज (ऊतीचा सांगाडा विरघळवणारं एन्झाइम) घालून ३७ अंशांवर हलवत ठेवायची आणि सेंट्रिफ्यूज करायची. नळीत वर तेल, त्याखाली तरंगणाऱ्या चरबीपेशी, मग द्रव आणि अगदी तळाशी लालसर पेलेट, म्हणजे पेशींचा गोळा. आपल्या कामाचं तेवढंच. त्यातही रक्तातल्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींची गर्दी असते. प्लॅस्टिकला चिकटतात त्या ठेवायच्या, बाकीच्या मीडिया बदलताना निघून जातात. निवडीची ही रीत पहिल्यांदा ऐकली की फारच ढोबळ वाटते, आणि ती आहेच तशी.

पुढे वाढवताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, पॅसेज, म्हणजे भरलेल्या भांड्यातून पेशी काढून नव्या भांड्यात पसरण्याची फेरी. जास्त पैदास मिळावी म्हणून पॅसेज वाढवत नेले की पेशी पसरट, सुस्त होतात आणि म्हाताऱ्या होऊन विभाजन थांबवतात. दोन, दाता. एकाची चरबी भराभर वाढते, दुसऱ्याची त्याच मीडियात, त्याच इनक्युबेटरमध्ये रखडते. गाईच्या सीरमऐवजी आता बरेच जण मानवी प्लेटलेट लायसेट (रक्तातल्या प्लेटलेट्स फोडून काढलेला अर्क) वापरतात. पेशी जोमाने वाढतात, पण त्यातल्या फायब्रिनोजेनमुळे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनामुळे) मीडियाची जेली होऊ नये म्हणून बहुधा गोठणं रोखणारं हेपारिन घालावं लागतं.

ओळखीचे निकष २००६ पासून ठरलेले आहेत: पेशीच्या पृष्ठभागावर सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ हे खुणेचे रेणू हवेत, सीडी४५ नको, वगैरे. ते पाठ करा, पण त्यावर फार विसंबू नका. पेशी कोणती आहे एवढंच ते सांगतात. ती रुग्णाच्या कामाची आहे का, हे ठरवणारी पोटेन्सी चाचणी बसवणं हे या क्षेत्रातलं खरं अवघड काम आहे, असं माझं मत.

आता गोठवणं. सर्वसाधारण रीत म्हणजे ५ ते १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशीला वाचवणारं रसायन) आणि मिनिटाला साधारण १ अंश या गतीने तापमान खाली. फार वेगाने गेलात तर पेशीच्या आतच बर्फ होतो. फार हळू गेलात तर पाणी बाहेर पडून पेशी आक्रसते आणि बाहेरच्या दाट क्षारांत होरपळते. कंट्रोल्ड रेट फ्रीझरचा (ठरवलेल्या गतीने थंड करणाऱ्या यंत्राचा) आलेख एकदा समोर बसून बघाच. नमुना शून्याखाली जातो, तरी काही वेळ द्रवच राहतो, आणि बर्फ धरताच सुप्त उष्णता बाहेर पडून त्याचं तापमान चक्क वर उडी मारतं. चांगला प्रोग्रॅम त्याच क्षणी थंड नायट्रोजनचा झोत सोडून ही उडी दाबतो. त्यानंतर साठवण नायट्रोजनच्या वाफेत, उणे १३५ अंशांच्या खाली. उणे ८० चा फ्रीझर म्हणजे फक्त वाटेतला थांबा.

वितळवताना मात्र घाई हवी. ३७ अंशांवर धरायचं आणि व्हायलमध्ये (छोट्या कुपीत) मुगाएवढा बर्फ उरला की बाहेर काढायचं. ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींना निळं करणाऱ्या रंगाने) लगेच मोजलेला जिवंतपणाचा आकडा छान येतो, पण काही पेशी त्यानंतरच्या काही तासांत मरतात. म्हणून दुसऱ्या दिवशी किती पेशी चिकटून उभ्या राहिल्या, तेही बघा.

एवढा खटाटोप कशासाठी? क्रोन्स या आतड्याच्या आजारातल्या फिस्टुलासाठी (गुदद्वाराजवळ पडणाऱ्या नळीसारख्या जखमेसाठी) युरोपात २०१८ मध्ये मान्य झालेलं डार्व्हाडस्ट्रोसेल हे चरबीतल्या पेशींचंच औषध. ते ताजं पाठवलं जाई आणि त्याची मुदत तासांत मोजावी लागे. विमान चुकलं की माल वाया. पुढच्या मोठ्या चाचणीत ते मुख्य निकषावर अपयशी ठरलं आणि २०२४ मध्ये युरोपच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. कोपनहेगनमध्ये निरोगी दात्यांच्या पेशी बायोरिअ‍ॅक्टरमध्ये वाढवून, गोठवून हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांना दिल्या गेल्या. उपचार सुरक्षित ठरला, पण हृदयाच्या कामात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली उपचारापेक्षा) सुधारणा दिसली नाही. म्हणजे गोठवण्याचं तंत्र साधलं तरी औषध लागू पडेलच असं नाही. 'सगळे आजार बरे करतो' म्हणणाऱ्या दवाखान्यांच्या जाहिराती वाचताना हे आठवा.

शिक्षण बायोटेकचं असो की फार्मसीचं, रोजच्या कामात बॅच रेकॉर्ड (प्रत्येक घाण्याची लेखी नोंद) भरण्यात जाणारा वेळ तुम्हाला चकित करेल. कोणत्या लॉटचं एन्झाइम, किती वाजता डीएमएसओ घातलं, कुणी बघितलं, सगळं तिथल्या तिथे लिहायचं. स्टेरिलिटीच्या (मालात जंतू नाहीत ना हे बघणाऱ्या) नेहमीच्या चाचणीला १४ दिवस लागतात. गोठवलेल्या मालाला तो निकाल येईपर्यंत थांबता येतं, ताज्याला येत नाही. मुलाखतीला गेलात तर तुम्हीही दोन प्रश्न विचारा: वितळवल्यानंतरची रिकव्हरी, म्हणजे किती पेशी वाचल्या, ते तुम्ही कधी आणि कशी मोजता, आणि नायट्रोजनच्या खोलीत ऑक्सिजनचा अलार्म आहे का? द्रव नायट्रोजनची वाफ झाली की ती सातशेपट जागा व्यापते आणि खोलीतला ऑक्सिजन बाहेर ढकलते. दुसऱ्या प्रश्नाला कुणी अडखळलं, तर ती नोकरी घेऊ नका.